आधी अंगण वाच, मग फावडं

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, रात्रभर बर्फ पडलाय, आधी काय करायचं?" मागे जावईबापू बूट चढवत असल्याचा आवाज येत होता, फावडं हातात असणारच. मी घाईत एवढंच म्हटलं, दहा मिनिटं थांबा. का थांबा, ते आता सावकाश लिहिते. १९८६पासूनचे सगळे हिवाळे मी ओंटारिओत काढले. जे कळलं त्यातलं निम्मं इथे कळलं आणि निम्मं तुझ्या आजोबांकडून, म्हणजे आप्पांकडून, ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नाही.

बर्फ पडून गेला की फावडं मारण्याआधी अंगण वाचायचं. रात्रीतून घराभोवती कोण कोण फिरून गेलं ते बर्फावर उमटलेलं असतं, आणि फावड्याच्या पहिल्या फेऱ्यात ते पुसून जातं. जुन्नरच्या मळ्यात आप्पा पहाटे दारं धरायला निघाले की आधी पाटाच्या ओल्या मातीवर वाकून बघत. "वाघरू वरच्या बांधानं गेलंय," एवढं सांगून कामाला लागत. वाघरू म्हणजे बिबट्या. मग दोन दिवस आम्ही पोरं त्या बाजूच्या उसाकडे फिरकत नसू, शेळ्या अंधार पडायच्या आत गोठ्यात यायच्या, आणि तेवढ्यावर भागायचं. इथे चार महिने माती नीट दिसत नाही, पण बर्फ मातीपेक्षा चांगला ठसा धरतो.

चार-पाच पावलं ओळखायला शीक, बाकीची आपोआप कळतात. सशाचे मागचे लांब पाय ठशात पुढे पडतात आणि पुढचे छोटे पाय मागे, एकाखाली एक. म्हणजे मोठे ठसे जिकडे, तिकडे ससा गेला. खारीचंही तसंच, फक्त तिचे छोटे पाय शेजारीशेजारी पडतात आणि सगळी ओळ एखाद्या झाडाच्या बुंध्याशी संपते. उंदराची ओळ धावदोऱ्यासारखी, बारीक टाके आणि मधून शेपटीची रेघ. रॅकूनचा पाय पाच बोटांचा, तान्ह्या बाळाने पिठात हात उमटवावा तसा. पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. आणि कायोटीचा लांबट ठसा, एका सरळ रेषेत, मागचा पाय पुढच्याच पायाच्या खळग्यात. पाळीव कुत्रा असा चालत नाही. त्याला घरी जेवण मिळणार असतं, म्हणून तो बागडत, वाकडातिकडा जातो. रानातलं जनावर एकही पाऊल वाया घालवत नाही.

आता हे वाचून करायचं काय? उंदराचे टाके पक्ष्यांच्या दाण्याखाली गोळा झाले असतील तर सांडलेला दाणा झाड. रॅकूनचे हात कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले असतील तर झाकणाची कडी बघ. कायोटी कुंपणाकडेने सरळ निघून गेला असेल तर काहीच करायचं नाही, फक्त वाट लक्षात ठेवायची. दाणा सांडला की उंदीर येतो, उंदराच्या मागे कोल्हा आणि कायोटी येतो. लोक कायोटीला घाबरून फोन फिरवतात आणि दाणा तसाच पडलेला असतो.

खायला घालण्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण यात माझ्या हातून चूक झाली आहे. अन्न टाकणं आपल्या जिवावर येतं. गाईला पोळी, कावळ्याला घास, हे बघत आपण वाढलो. पहिल्या हिवाळ्यात मी उरलेली पोळी, वाटीभर भात मागच्या पायरीवर ठेवायला लागले. एक तांबडा कोल्हा यायचा, आपल्याकडच्या खोकडाचा थोरला भाऊ म्हण ना. झुबकेदार शेपूट, काळे पाय, पांढऱ्या अंगणात तो आला की मला घरी पाहुणा आल्यासारखं वाटायचं. परक्या गावात दुसरं कोणी येत नव्हतं गं. मला वाटायचं, एवढ्या थंडीत बिचारा उपाशी असेल. तो उपाशी नव्हता. वीतभर बर्फाखाली उंदीर हलला तरी कोल्ह्याला ऐकू येतो. मान तिरकी करून उभा राहतो, मग उंच उडी घेऊन तोंडावर बर्फात घुसतो आणि पुष्कळदा उंदीर घेऊनच वर येतो. माझ्या पोळीने त्याला एकच गोष्ट शिकवली, की माणसाच्या दारात, गाड्यांच्या रस्त्याकडेला थांबलं की खायला मिळतं. फेब्रुवारीत एका संध्याकाळी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी तो गाडीखाली सापडला. मी कोट न घालता धावत गेले होते. त्यानंतर दाराबाहेर घास ठेवला नाही. पितृपक्षात त्या घासाच्या नावाने फूड बँकेला डाळ-तांदूळ देते.

तेव्हा तूही ठेवू नकोस. खरकटं ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात, आणि मासळीची डोकी, कोंबडीची हाडं, जे काही वास मारतं ते पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये. कचऱ्याची गाडी यायच्या दिवशी सकाळीच डब्यात टाक, आदल्या रात्री नाही. हा उपाय मला शेजारच्या पोर्तुगीज आजीने सांगितला आणि तेव्हापासून आमचा डबा कोणी उलटा केलेला नाही.

कायोटी तुला दिसणारच. क्रेडिट नदीची दरी तुझ्या कुंपणामागून जाते आणि ती त्याची जुनी वहिवाट आहे. आपल्याकडच्या कोल्ह्यापेक्षा मोठा, लांडग्यापेक्षा लहान. वजन दहा ते वीस किलो, पण हिवाळी केसांत तो फुगून दुप्पट वाटतो. जानेवारी ते मार्च त्यांचा जोडीचा काळ, म्हणून तेव्हा दिवसाही दिसतात. दिवसा दिसला म्हणजे पिसाळलेला असं नाही.

आप्पा रात्रीचं पाणी द्यायला जाताना खाकरत, काठी आपटत, स्वतःशीच मोठ्याने बोलत जायचे. माणूस अचानक पुढ्यात आला की जनावर दचकतं, आणि दचकलेलं जनावर अंगावर येतं. आपण येतोय हे त्याला लांबूनच कळलं तर ते बाजूला होतं. बांधावर उकिडवं बसू नका, ठेंगणं दिसू नका, पोराला मागे ठेवू नका, हेही तेच सांगायचे. दरीच्या वाटेवर बाबागाडी घेऊन फिरताना मी हे सगळं पाळलं, तूही पाळ. कायोटी समोर आला आणि बघत उभा राहिला तर पळू नकोस, पाठ फिरवू नकोस. बाळाला उचलून घे. कोटाची चेन उघडून कोट पसरव, हात वर कर, पोटातून आवाज काढून मराठीतच ओरड आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे मागे सरक. शंभरात नव्याण्णव वेळा तो आधीच निघून जातो. उद्या कुत्रा पाळलात तर संध्याकाळनंतर त्याला अंगणात एकटा सोडायचा नाही, आणि ती आपोआप लांब होणारी दोरी वापरायची नाही, आखूड पट्टा घ्यायचा. मांजर घरातच. त्यात मांजराचंही भलं आहे आणि पक्ष्यांचंही.

माळ्यावर खुडबुड ऐकू आली तर खार किंवा रॅकून. रॅकून पूर्ण शीतनिद्रा घेत नाही. कडाक्यात आठवडाभर झोपून राहतो आणि जरा ऊब आली की रात्री बाहेर पडतो. भोक बुजवायचं ते ऑक्टोबरातच, आत कोणी नाही याची खात्री करून. वसंतात अजिबात बुजवू नकोस, तेव्हा आत पिल्लं असतात आणि आई बाहेर राहिली तर ती छप्पर फाडते. कोणी म्हणेल, पिंजरा लावतो आणि लांब नेऊन सोडतो. ऐकू नकोस. ओंटारिओत पकडलेलं जनावर एका किलोमीटरच्या आतच सोडायचा नियम आहे आणि तो शहाणा नियम आहे. आपल्याच मुलखात याची उलटी बाजू दिसली. २००१च्या सुमारास जुन्नर वनविभागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला लागले. आधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले व्हायचे, ते सतरावर गेले. विद्या अत्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०११ साली अभ्यासातून मांडलं. अनोळखी रानात सोडलेल्या जनावराला पाणी कुठे, लपायचं कुठे, माणसं कुठून येतात, काही माहीत नसतं. आप्पांच्या बांधावरून जाणारं वाघरू मात्र ती वाट वर्षानुवर्षं चालत होतं. ते आम्हाला ओळखत होतं आणि आम्ही त्याला. रॅकून हा बिबट्या नाही, मला कळतं, पण जानेवारीत त्याला त्याच्या बिळापासून तोडलं तर तो बहुधा जगत नाही.

पक्ष्यांना दाणा घाल. कोल्ह्याबद्दल एवढं लिहून हे कसं म्हणते असं वाटेल. पण पक्षी दाण्यासाठी माणसाच्या अंगावर येत नाहीत, आणि नीट घातलेल्या दाण्याने त्यांची भीती मोडत नाही. काळ्या सालीची सूर्यफुलाची बी घे, तीच सगळ्यांना चालते. ब्रेड नको, आणि चिवडा-शेव तर नकोच, त्यातलं मीठ त्यांना सोसत नाही. फीडर खिडकीपासून अर्ध्या मीटरच्या आत टांग, म्हणजे उडताना वेग येत नाही आणि काचेवर आपटून मरत नाहीत. दर पंधरवड्याला गरम पाण्याने धुऊन पुरतं वाळव, नाहीतर एकाचा रोग सगळ्यांना.

पहिली येईल ती चिकाडी. काळी टोपी, काळा गळा, वजन दोन रुपयांच्या दोन नाण्यांएवढं. शरदात ती हजारो बिया एकेक करून सालीच्या फटीत, पानाच्या सुरळीत लपवते आणि जागा लक्षात ठेवते. थंडीच्या रात्री ती आपलं अंग बरेच अंश थंड होऊ देते, शेगडी मंद करावी तशी, म्हणजे साठलेली चरबी सकाळपर्यंत पुरते. त्यामुळे तू डिसेंबरात पुण्याला गेलीस म्हणून ती मरणार नाही. पण उणे वीसच्या आठवड्यात दाणा मिळाला तर जास्त चिकाड्या तगतात, तेव्हा गावी असशील तर त्या आठवड्यात फीडर रिकामा ठेवू नकोस. राखाडी पाठीचे, पांढऱ्या पोटाचे जुन्को उत्तरेकडून आलेले असतात. ते फीडरवर चढत नाहीत, खाली पडलेलं टिपतात. त्यांच्यासाठी सकाळी चिमूटभर खाली टाक, संध्याकाळी उरलेलं उचल. आणि लाल कार्डिनल बर्फात बसलेला दिसला की सगळी कामं बाजूला ठेवून बघ. तो पहाटे सगळ्यांच्या आधी येतो आणि तिन्हीसांजेला सगळ्यांच्या नंतर.

फावडं मारताना एक विसरू नकोस. बर्फाखाली वस्ती आहे. दोन वीत बर्फ साठला की जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपासच राहतं, वर उणे वीस असलं तरी. ती गोधडीच आहे. तिच्याखाली व्होल नावाचे आखूड शेपटीचे उंदीर गल्ल्या करून राहतात. मार्चमध्ये बर्फ वितळला की हिरवळीवर त्यांच्या वाटा उघड्या पडतात, वाळवीने लाकडावर काढाव्यात तशा. गवत परत येतं, काळजी करू नकोस. पण सगळं अंगण तुडवू नकोस. जायची-यायची एक वाट पाड आणि बाकीचा बर्फ फुगीर राहू दे.

पानगळीची पानंही अशीच झाडाखाली राहू दे, सगळी पिशव्यांत भरून देऊ नकोस. तुझ्या दरीकाठच्या पानांत वुड फ्रॉग झोपलेला असू शकतो. तो बेडूक हिवाळ्यात खरोखर गोठतो. हृदय थांबतं, अंगातलं निम्म्याहून अधिक पाणी बर्फ होतं, पण यकृतातून भरमसाट साखर रक्तात सोडून तो पेशी वाचवतो आणि वसंतात पुन्हा उड्या मारतो. ऑटवाच्या कार्लटन विद्यापीठात केनेथ आणि जॅनेट स्टोरी यांनी यावर आयुष्य घातलं. मी हे पहिल्यांदा ऐकलं त्या वर्षापासून दंताळं ओढताना माझा हात थबकतो. गोल्डनरॉडच्या वाळक्या काड्यांवर सुपारीएवढी गाठ दिसली तर तीही तोडू नकोस. आत माशीची अळी हिवाळा काढते आहे, आणि गाठीला भोक असेल तर चिकाडीने किंवा सुतारपक्ष्याने तिला बहुधा आधीच खाल्लं आहे.

सफरचंदाचं रोप लावणार म्हणत होतीस. त्याला जाळी घाल. सशाला हिरवं मिळेनासं झालं की तो कोवळी साल कुरतडतो, आणि चहूबाजूंनी साल गेली की झाड मरतं. मी गुडघ्याएवढी जाळी घातली होती. बर्फ गुडघ्याएवढा साठला, ससा बर्फावर उभा राहिला आणि जाळीच्या वरची साल खाऊन गेला. चार वर्षांचं झाड होतं. जाळी कमरेएवढी हवी, आणि बुंध्याला न चिकटता चार बोटं लांब.

मीठ. सगळे जण पोत्याने ओततात. आधी बर्फ काढायचा, खालचा चिकटलेला पापुद्रा तेवढाच मिठाने सोडवायचा. कॉफीचा एक मग मीठ वीस फुटी ड्राइव्हवेला पुरतं, हाताने पेरल्यासारखं टाकलं तर. उणे दहाच्या खाली साधं मीठ जवळजवळ कामच करत नाही, तेव्हा वाळू टाक, पाय घसरत नाही. ओतलेलं सगळं मीठ गटारातून ओढ्यात, ओढ्यातून क्रेडिटमध्ये आणि तिथून सरोवरात जातं, आणि पाण्यातून ते परत निघत नाही. कुत्र्यांचे तळवे फुटतात. पक्षी खडा समजून टिपतात.

घराचं थोडक्यात सांगते, कारण हे जावईबापू माझ्यापेक्षा चांगलं बघतील. भिंतीतून बाहेर आलेल्या फर्नेसच्या पांढऱ्या नळ्या बर्फ पडताच मोकळ्या करायच्या, त्या बुजल्या की विषारी वायू घरात कोंडतो. गाडी चालू करण्याआधी मागचा सायलेन्सर मोकळा करायचा आणि बॉनेटवर दोन थापा मारायच्या, उबेला एखादी खार किंवा शेजाऱ्यांचं मांजर आत बसलेलं असतं. बर्फ उचलून फेकायचा नाही, ढकलायचा. पोटभर जेवून लगेच फावडं धरायचं नाही. त्यांच्या घरात हृदयविकार आहे ना, मग बर्फ काढणारा प्लाऊ दाराशी जो ओला ढीग लावून जातो तो त्यांनी एका दमात उपसू नये. १९९९च्या जानेवारीत टोरांटोचे महापौर मेल लास्टमन यांनी बर्फ उपसायला सैन्य बोलावलं होतं. तेव्हा आमच्या गल्लीतली धडधाकट माणसंही आळीपाळीने, थांबून थांबून फावडं मारत होती.

बर्फापेक्षा गोठता पाऊस वाईट. २०१३च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, तो पडला तेव्हा प्रत्येक काडीवर काचेची नळी चढली होती आणि लाखो घरांची वीज गेली होती. फांद्या रात्रभर बंदुकीसारख्या तुटत होत्या. अशा वेळी झाडाखाली जायचं नाही आणि फांद्यांवरची काच ठोकून काढायची नाही, फांदीच मोडते. ऊब हवी म्हणून बार्बेक्यूची शेगडी किंवा जनरेटर घरात, गॅरेजमध्ये लावायचा नाही, त्या दिवसांत त्याने माणसं गेली. फीडर मात्र गरम पाणी ओतून मोकळा करून दे. बिया काचेखाली अडकल्या की त्या पक्ष्यांना दिसतात, पण मिळत नाहीत.

तुमच्या वसाहतीत ते पावसाच्या पाण्याचं तळं आहे. त्याच्यावर कधीही पाय ठेवायचा नाही, शेजारची मुलं खेळत असली तरी. खालून पाणी वाहतं, पातळी वरखाली होते, रस्त्याचं मीठ येतं, त्यामुळे बर्फ एका जागी हातभर तर दोन पावलांवर बोटभर. बाळ चालायला लागलं की हे त्याला 'आग' शब्दाइतक्या लवकर शिकव.

आणि गाडी चालवताना अंधार पडायच्या सुमाराला एक हरीण आडवं गेलं तर निघायची घाई करू नका. मागे दुसरं असतं. जोरात ब्रेक मारा, पण चाक वळवून झाडावर जाऊ नका.

उद्या रात्री पुन्हा पडणार आहे म्हणतात. सकाळी दार उघडलंस की आधी बाळाला कडेवर घे आणि दोघी पायरीवरून बघा. ठसा दिसला तर सरळ वरून फोटो काढ, तिरका नको, आणि शेजारी तुझा हातमोजा ठेव म्हणजे मला माप कळेल. ऊन वर यायच्या आत पाठव, उन्हाने कडा पसरतात आणि मांजराचा पाय वाघाएवढा दिसतो. मी सहाला उठलेली असते.